उत्तेजनार्थ

डिसेंबर लागला की मी अजूनही यादी करते. वर्षभरात ऐकलेल्या नव्या अल्बमांमधले कोणते खरे, कोणते नुसतेच गाजावाजाचे, कोणतं गाणं उन्हाळ्यात डोक्यावर घेतलं आणि दिवाळीपर्यंत विटून गेलं, हे सगळं मनाशी लावून पाहायचं आणि शेवटी पाच-सहा नावं निवडायची. साठी उलटलेली बाई कानात इअरफोन खुपसून डोळे मिटून बसलेली दिसली की शेजारच्या वहिनी कौतुकानं विचारतात, "भजनं का हो?" मी हो म्हणते. यंदा माझ्या यादीत एका डोंगराळ गावातल्या मुलीचा अल्बम आहे. तिनं सगळी गाणी स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांसकट रेकॉर्ड केली आहेत. दुसरा अल्बम दोन भावांचा. त्यात मागे कापडगिरणीची यंत्रं धडधडत राहतात आणि पुढे धाकटा भाऊ बापाला मनसोक्त शिव्या घालतो. वहिनींना हे सांगून कशाला त्यांची दुपार बिघडवायची? माझ्या बहिणीचा धाकटा मुलगा पुण्याला नोकरी करतो, तोच मला या गोष्टी फोनवर पाठवतो. वर समजावतोही, "मावशी, याला अल्टरनेटिव्ह म्हणतात. म्हणजे चारचौघांसारखं नाही ते." मी म्हणते, असं का. त्या पोराला त्याच्या आईबद्दल काहीच माहीत नाही, आणि न सांगण्याची शपथ मला त्याच्या आईनंच घातलेली आहे.

यादीची ही खोड मला अमरावतीच्या रविवार मंडळानं लावली. त्या मंडळाबद्दल बरं बोलावं असं माझ्याकडे एवढंच आहे, म्हणून ते आधी बोलून टाकते.

आमचं घर अकोटच्या रस्त्यावर, गावाच्या कडेला. वावर थोडं, पण विहीर होती, आणि त्या विहिरीच्या जिवावर आम्ही फुलं करायचो: झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडा गुलाब. घरातला दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. दवानं भिजलेल्या रानात फुलं तोडायची, ओल्या पोत्यांत भरायची आणि पहिल्या एसटीच्या टपावर चढवून बाबांनी ती अकोल्याच्या बाजारात न्यायची. मागे राहिलेली फुलं घेऊन माय, बेबीताई आणि मी ओसरीत हार ओवायला बसायचो. बेबीताई माझी थोरली बहीण. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव प्रमिला, पण ते मास्तरांखेरीज कुणी वापरलं नाही. तिनं दहावीनंतर शाळा सोडली, म्हणजे सोडायला लागली, कारण दोघींपैकी एकीलाच पुढे शिकवता येत होतं आणि मार्क माझे जास्त होते. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र आजही ते मार्क टोचतात.

आमच्या घराला आवाज फार होते. विहिरीवरची मोटर, तिची ती न थांबणारी धडधड. लाईन गेली की ती मध्येच दम तोडायची आणि सगळं रान एकदम मुकं व्हायचं. अकोटकडच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा. मायचं चुलीशी बडबडणं, तव्यावर भाकर टाकतानाची थाप, ठेचा वाटताना वरवंट्याचा पाट्यावर घासत जाणारा खरखर आवाज. आणि शेजारीच गुलाबकाकाचं बिछायत केंद्र. गुलाबकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. लग्नाचे मांडव, सतरंज्या, गाद्या, माईक आणि भोंगे तो भाड्यानं द्यायचा, आणि सामान तपासायच्या नावाखाली दिवसभर कुठलं ना कुठलं गाणं गावावर सोडायचा. बेबीताईचा कान या सगळ्यात तयार झाला. तिला कुणी गाणं शिकवलं नाही. ओवता ओवता गुणगुणायची, आणि मोटर सुरू असली की तिच्या ठोक्यावर गुणगुणायची.

मी अमरावतीला कॉलेजात गेले, होस्टेलवर राहिले. तिथं आमचे एक इंग्रजीचे प्राध्यापक होते, मूळचे पुण्याचे. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. त्यांच्या घरी दर रविवारी दुपारी आठ-दहा जण जमायचे आणि बाहेरून मागवलेल्या कॅसेट ऐकायचे. सिनेमाची गाणी नाहीत, शास्त्रीय नाही, इंग्रजीतलीसुद्धा सगळीकडे वाजणारी नाहीत. सरांच्या भाषेत, बाजारानं न चाटलेलं संगीत. त्यांचा उजवा हात मुकुंद, कॅम्पातल्या एका डॉक्टरांचा मुलगा. परदेशातला मामा त्याला कॅसेट पाठवायचा. आम्ही बाकीचे कोऱ्या कॅसेटवर त्याच्या नकला करून घ्यायचो. माझ्या नकलांवर नावं नसत, म्हणून मी आपली नावं ठेवली होती. एक बाई सबंध अल्बमभर चिडून गायची, ती "भांडणवाली". एक माणूस आजारी असल्यासारखा, प्रत्येक ओळीआधी श्वास गोळा करत गायचा, तो "दमेकरी". मी मंडळात फारसं बोलत नसे. बोलले की माझं वऱ्हाडी बाहेर पडे, आणि ते बाहेर पडलं की सगळे प्रेमळ हसत. ते प्रेमळ हसणं मला चपराकीपेक्षा जास्त लागे.

सुट्टीत घरी जाताना मी कॅसेट घेऊन जायची. गुलाबकाकाच्या टेपवर लावायची. मायला त्यात मांजराचं भांडण ऐकू यायचं. बेबीताई मात्र हातातलं फूल तसंच धरून ऐकत बसायची.

"अवं मंदे, हे बाई कोनावर चिडून राहिली?"

"माईत नाई. मलेई सारे शब्द समजत नाई."

"लय मस्त चिडते. आपल्या गाण्यात बाई रडते, नाई तं देवाले विनवते. चिडत कावून नाई वं?"

मी मंडळात दोन वर्षं बसून हा प्रश्न कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

आषाढीनंतर लग्नं बंद होतात. मग तुळशीचं लग्न लागेपर्यंत बिछायतवाल्यांचं सामान गोदामात पडून असतं. त्या वर्षी पावसाळ्यात बेबीताईनं काकाच्या मागे लागून गोदामाची किल्ली मिळवली. छतापर्यंत घड्या घालून रचलेल्या गाद्या आणि सतरंज्या, मध्ये एवढीशी जागा, त्यात अ‍ॅम्प्लिफायर, माईक, एक भोंगा आणि टेप. गाद्यांमुळे तिथं आवाज घुमत नसे, कोरडा ऐकू येई. लग्नात माईक भोंग्यासमोर आला की जी कानठळ्या बसवणारी किंकाळी निघते, जिला सगळे माईकवाले भितात, ती बेबीताईनं हाताशी धरली. माईक जरा जवळ, जरा दूर, जरा तिरपा नेऊन ती किंकाळी वर चढवायची, खाली आणायची, गाण्याच्या मागे बारीक तारेसारखी धरून ठेवायची. पहिल्यांदा काका धावत आला, "अवं पोरी, भोंगा जाळतं का माहा?" मग दारातच उभा राहून ऐकत राहिला आणि परत गेला.

गाणी तिची तिनंच रचली. एक होतं लाईन जाण्याचं. त्यात मोटरची धडधड तिनं खरोखरची घेतली होती, टेप विहिरीवर नेऊन, आणि मोटर थांबली की ती पुढचा सगळा भाग एकटीच, बोलल्यासारखी म्हणायची. एक होतं हारांचं: "दिवसभर ओवतो हार, गळा कोनाचा ठाव नाई." ही ओळ ती इतक्या वेळा, इतक्या वेगवेगळ्या रागानं म्हणायची की ऐकताना अंगावर काटा यायचा. कुठंही लाडीक मुरका नाही, कुठंही "माय माऊली" नाही. दिवाळीला मी घरी आले तेव्हा तिनं ती कॅसेट मला ऐकवली. त्या वर्षी मी मंडळात पुष्कळ अल्बम ऐकले होते, त्यातले काही आजही मला पाठ आहेत. पण त्या वर्षीचा माझा सगळ्यात आवडता अल्बम गाद्यांच्या गोदामात झाला होता, आणि मी हे बहीण म्हणून म्हणत नव्हते. आजही म्हणत नाही.

मंडळाचा वर्षअखेरीचा एक रिवाज होता. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकानं त्या वर्षीची आपली आवडती कॅसेट आणायची, पण कव्हर काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, नाव आत चिठ्ठीवर लिहून. सर फक्त नंबर घालायचे आणि एकेक लावायचे. कोण गातंय, कुठल्या देशातलं, कुणाला माहीत नसायचं. सगळं ऐकून झालं की हात वर करून मतं, आणि त्यानंतरच पुडकी उघडायची. "नाव कानात शिरलं की गाणं ऐकू येत नाही," असं सर म्हणायचे, आणि मला ते वाक्य फार आवडायचं. त्या वर्षी त्यांनी आणखी एक जाहीर केलं. मुंबईत त्यांचे एक मित्र कॅसेटची लहानशी कंपनी काढत होते, वेगळं गाणाऱ्या इथल्याच लोकांच्या शोधात होते. पहिली आलेली कॅसेट इथली असेल तर सर ती स्वतः मित्राकडे पाठवणार होते, आणि गाणाऱ्याला मुंबईला बोलावून नीट रेकॉर्डिंग होणार होतं.

मी घरी सांगितलं. नेमकं तेव्हाच बेबीताईसाठी बाळापूरचं स्थळ आलं होतं. शेती असलेलं घर, मुलगा निर्व्यसनी, मागणी त्यांच्याकडूनच. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी कॅसेट ऐकली, पागोटं काढून डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "मले याच्यातलं काई समजत नाई. पन मुंबईहून बोलावनं आलं तं एक वर्स थांबू. बाळापूरवाल्याईले मी समजावतो. नाई आलं तं होय म्हनून सांगतो, मंग तू तोंड पाडजो नको."

"नाई पाडत," बेबीताई म्हणाली.

म्हणून त्या रविवारी ती माझ्याबरोबर अमरावतीला आली. मायनं निघताना रोडगे आणि वांग्याची भाजी बांधून दिली होती. वहिनींसाठी, म्हणजे सरांच्या पत्नीसाठी, बेबीताईनं शेवंतीची टोपली घेतली होती. नियमाप्रमाणे मी कुणाला काही सांगितलं नाही. "ही माझी बहीण, गावाहून आली आहे," एवढंच. सर "या, या" म्हणाले आणि पुढच्या क्षणी तिला विसरले. ती आतल्या दारापाशी वहिनींजवळ बसली. वहिनींनी ताटभर मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. बेबीताई न सांगता सोलू लागली.

एकेक कॅसेट वाजत गेली. मधूनमधून चहा, पोहे, वाद. मग सरांनी तिचं पुडकं उचललं, डोळे मिटून टेपचं बटण दाबलं. विहिरीवरची मोटर सरांच्या दिवाणखान्यात धडधडायला लागली. बेबीताईचे हात थांबले. हातातली शेंग अर्धी उघडलेली, तशीच. मोटर बंद पडली आणि तिचा एकटा आवाज आला तेव्हा मुकुंद पुढे सरकून बसला. भोंग्याची शिट्टी सुरू झाली तेव्हा कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. एरवी सर अर्ध्यात बंद करायचे, त्या दिवशी पूर्ण बाजू वाजली.

"ही शिट्टी मुद्दाम आहे," मुकुंद म्हणाला. "बिघाड नाही हा. हे भयंकर धाडस आहे, सर. आपल्याकडे असं कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही."

"आणि बोली बघ," सर म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उजळला होता, खोटं कशाला सांगू? "वऱ्हाडीचा असा वापर! ही कुणीतरी पुण्या-मुंबईची, नाटकातली बाई असणार. बोलीकडे बाहेरून बघतेय ती. एक अंतर ठेवून, धारदार. जी भाषा शेतात बोलली जाते ती इथं वाद्यासारखी वाजवलीय."

मी बेबीताईकडे पाहिलं. तिला "अंतर ठेवून" म्हणजे काय ते कळलं नसेल, पण आपलं कौतुक चाललंय हे कुणालाही कळतं. ती मान खाली घालून शेंगा सोलत होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात मुंबईची गाडीसुद्धा पकडली. कुणाकडे उतरायचं, तिच्याकडे धड लुगडं कोणतं आहे, सगळं ठरवलं. मतं झाली. सगळ्यांचे हात वर, मुकुंदचासुद्धा, जरी त्याची स्वतःची कॅसेट स्पर्धेत होती.

मग सरांनी पुडकं उघडलं, चिठ्ठी वाचली, आणि कपाळाला आठी घातली. "प्रमिला... तालुका अकोट? कोण ही?"

"ही काय, बसली आहे," मी म्हणाले. किती उड्या मारत होतं माझं मन!

सगळे वळले. आधी टाळ्या झाल्या, नाही असं नाही. सर उठून तिच्यापर्यंत गेले. "वा! म्हणजे तू गायलीस हे? मग हे... हे तुझं नेहमीचंच बोलणं आहे तर."

"होय."

"आणि ती शिट्टी? भोंगा खराब होता का?"

"नाई. म्या वाजोला त्याले."

सर हसले. मंडळातलं ते प्रेमळ हसू. ते परत आपल्या खुर्चीत येऊन बसले, आणि मी पाहत राहिले, त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड कमी कमी होत गेला. त्यांनी मुकुंदकडे पाहिलं. मुकुंद चष्मा पुसू लागला.

"आपल्याला जरा विचार करावा लागेल," सर म्हणाले. "आपण याला प्रयोग समजलो. पण प्रयोग करणाऱ्याला ठाऊक हवं ना, की आपण प्रयोग करतोय? हिची ही बोलीच आहे. खेड्यातल्या बायका कामं करता करता गातातच. म्हणजे हे सुंदर आहे, अस्सल आहे, पण हे लोकसंगीत झालं. हा आपला विषय नाही. मतं पुन्हा घेऊ या. आधीची चुकीच्या समजुतीवर झाली."

मी म्हणाले, "सर, नाव कानात शिरलं की गाणं ऐकू येत नाही म्हणून तर आपण..." पुढचं मला बोलता आलं नाही, कारण रागानं मी वऱ्हाडीत घसरले आणि कुणीतरी हसलं. पुन्हा मतं झाली. बेबीताईच्या नावावर माझा एकटीचा हात वर गेला. मुकुंदनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. पहिली आली मुकुंदचीच कॅसेट. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ बेटावरची माणसं त्यांच्या भाषेत गात होती, आमच्यात कुणालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती माणसंही आपल्या घरी तीच भाषा बोलत असतील, तिच्यातच भाजी मागत असतील आणि भांडत असतील, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सरांना वाईट वाटत असावं. त्यांनी लगेच एक नवा नंबर काढला: उत्तेजनार्थ. ते त्यांनी मोठ्यानं जाहीरही केलं. मग बेबीताईकडे वळून, लहान मुलीला म्हणावं तसं म्हणाले, "आता एक आमच्यासाठी म्हण. जात्यावरची ओवी येत असेल ना? ती म्हण, आजीची."

"आमच्या गावात चक्की हाये," बेबीताई म्हणाली. "इलेक्ट्रिकवाली."

दोघं-तिघं हसले. सर म्हणाले, "बरं, दुसरं काहीही म्हण."

ती उठून उभी राहिली, पदरातली टरफलं ताटात झटकली आणि म्हणाली, "मले गानं नाई येत."

वहिनींनी तिला कुंकू लावलं, एक ब्लाऊजपीस दिलं आणि "तुमचा आवाज गोड आहे हो" असं म्हणाल्या. तो आवाज काहीही असेल, गोड नव्हता. गोड नव्हता हीच तर त्याची किंमत होती. पण वहिनी मनापासून बोलत होत्या, चिठ्ठी उघडल्यावर त्या घरात एकट्या त्याच मनापासून बोलल्या.

स्टँडकडे जाताना मी तिला गिला वडा खाऊ घातला. मी रडत होते, ती खात होती. गाडीत बसल्यावर, बडनेरा मागे पडल्यावर, ती बोलली.

"थो चष्मेवाला म्हने ना, लय धाडस हाये. तवा मले इतकं बरं वाटलं मंदे, का काय सांगू."

"त्यायच्या बापाची अक्कल काढू नये, पन..."

"जाऊ दे वं. त्याईचं बराबर असन. त्याईले समजते." मग थोड्या वेळानं, "तू म्हनली नसती ना, का हे म्या गायलं, तं जमलं असतं का?"

जमलं असतं. त्या बाईचं नाव पुण्याचं असतं तर तिला मुंबईचं तिकीट मिळालं असतं, आणि माझी बहीण आपलंच गाणं दुसऱ्याच्या नावानं वाजताना ऐकत मटार सोलत बसली असती. आजही मला यातलं कोणतं जास्त वाईट ते ठरवता येत नाही. त्या दिवसानंतर मी रविवारी मंडळात गेले नाही. मुकुंद दोनदा होस्टेलच्या फाटकाशी येऊन गेला, मी खाली उतरले नाही. सरांच्या तासाला मात्र बसावं लागायचं. ते वर्गात समतेवरच्या कविता फार छान शिकवायचे.

बाबांनी बाळापूरला होकार कळवला. त्यांची माणसं रीतसर पाहायला आली तेव्हा होणाऱ्या सासूनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "पोरीले गानंबिनं येते का?" गुलाबकाका कौतुकानं काही बोलायला गेला, तर बेबीताईच म्हणाली, "नाई." सासूला ते आवडलं. लग्नात काकानं आपले सगळे भोंगे फुकट लावले, आणि मंगलाष्टकांच्या वेळी एकदा माईक कुणाच्या तरी हातून भोंग्यासमोर गेला. ती किंकाळी निघाल्यावर सगळ्या मांडवानं कान झाकले. अंतरपाटामागे बेबीताईनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्या मागेच उभी होते.

तिचा संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. नवरा सरळ माणूस होता, मुलं गुणी निघाली. पण लग्नानंतर तिला गुणगुणताना मी ऐकलं नाही, एकदाही नाही. माझ्याजवळची कॅसेट मी तिला कितीदा तरी देऊ केली. तिनं घेतली नाही, आणि पोरांना सांगशील तर माझी शपथ आहे, असं म्हणाली. पुढे ती कॅसेट वाजेनाशी झाली. फितीवरचा थर सुटून टेपमध्ये काळी भुकटी सांडू लागली. तिच्याखेरीज ज्यांना ती पाठ होती अशा माणसांमध्ये आता मी एकटीच उरले आहे, कारण गुलाबकाकाही गेला.

परवा भाच्यानं मला एक यादी पाठवली. "मावशी, हा माणूस वर्षाच्या शेवटी जी यादी करतो तिला फार मान आहे." लिहिणारा मुकुंद. आता पुण्यात असतो, बोलावून त्याची भाषणं ठेवतात म्हणे. त्याच्या यादीत पहिल्या नंबरावर पुण्यातल्या तीन मुलांचा अल्बम आहे. मुलं मुळातली पुण्याचीच, वर्षभर वऱ्हाडात राहून बोली शिकून आलेली. गाणी वऱ्हाडीत, मागे मोटारपंप, आणि हो, लग्नातल्या भोंग्याची शिट्टी. मुकुंदनं लिहिलंय की बोलीचा इतका बेधडक वापर आपल्या संगीतात प्रथमच होतो आहे. प्रथमच! तो शब्द लिहिताना त्याचा हात अडखळला असेल का, हे मी दोन दिवस घोकत होते. नसेल अडखळला. अशा माणसांचं विसरणंसुद्धा सुशिक्षित असतं, मध्ये कुठं खड्डा लागत नाही. आणि राग याचाही आहे की अल्बम चांगला आहे. माझ्या कानांना खोटं बोलता येत नाही, माझ्याही यादीत तो घालावा लागला.

मी बेबीताईला फोन लावला. तिचा नवरा वारल्यापासून ती बाळापूरला थोरल्या मुलाकडे असते. मी म्हणाले, काही बोलू नको, फक्त ऐक, आणि ते गाणं तिच्या कानाशी लावलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मोटरच्या आवाजाशी तो जरासा थांबला असं मला वाटलं. गाणं संपलं. मी वाट पाहत राहिले. ती चिडावी, रडावी, मुकुंदच्या नावानं बोटं मोडावीत, मला शपथेतून मोकळं करावं, काहीतरी. तेवढ्यात तिकडे तिच्या नातवाचा आवाज आला, "आजी, काय ऐकून राहिली वं? मले ऐकव ना."

"काई नाई रे. तुही अमरावतीवाली आजी गाने लावून राहिली," ती म्हणाली. "माह्यापाशी काय लावते, तिले लावू दे. मले काय समजते त्याच्यातलं?"

पोराला टाळायला म्हणून ती तसं बोलली असती तर मला चाललं असतं. पण मी तिचा आवाज ओळखते, ती गाताना खोटं बोलत नव्हती तशी आताही बोलत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं.